टोपलीतलं पहिलं कालव

आज सकाळी घरात आलं ते असं. लिंबं पाच, सोळाला. रेघांचे कागद एक दस्ता, अठराला. दुकानदाराने वीस सांगितले होते. टपालाची तिकिटं, छापील किमतीला. कालवं एक टोपली, फुकट. मुलगा दारात ठेवून गेला. फुकट आलेल्या वस्तूपुढे मी आकडा लिहीत नाही, नुसती रेघ ओढते. तिची किंमत पुढे कधीतरी कळते.

मृत्युपत्राच्या डोक्यावर बाजारहाट कशाला, असं वकीलसाहेब विचारतील. कारण असं की माझा मुलगा हल्ली बाजारात सांगत फिरतो, "आईचं डोकं ठिकाणावर नसतं." जिला लिंबाचा भाव ध्यानात राहतो आणि दस्त्यामागे दोन कमी करून घेता येतात, तिचं डोकं कुठे आहे ते वाचणाऱ्याने ठरवावं.

तर मी, खाडीकाठच्या शेवटच्या घरात राहणारी, कालवंवाल्याची विधवा, मॅट्रिक पास, वय अडुसष्ट, देवाला साक्षी ठेवून, शुद्धीत राहून, कुणाच्या दडपणाखाली न येता आणि चहाखेरीज कसल्याही अंमलाखाली नसताना, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचं काय करायचं ते लिहून ठेवते. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. याआधी तशी घाई नव्हती.

कलम एक. राहतं घर, म्हणजे पुढच्या दोन खोल्या, मागचं स्वयंपाकघर आणि पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या, हे निम्मं माझ्या मुलीला आणि निम्मं सूनबाईला. मुलगी परगावी नर्स आहे. ती येऊन राहणार नाही हे मला माहीत आहे, पण विकायचं झालं तर तिची सही लागावी. घरावर मुलाचं नाव चढवू नये. चढलं तर तो घर गहाण टाकून दुसरी होडी घेईल, आणि पहिल्या होडीने काय केलं ते पुढे येतंच आहे. सूनबाई, तू मला उलटून कधी बोलली नाहीस. कधी कधी बोलायला हवं होतंस.

कलम दोन. टपाल खात्यातली बचत. माझ्या अंत्यविधीवर साधा खर्च करावा. फुलं विकत आणू नयेत, अंगणात आहेत. प्रार्थनाघराच्या दिव्याच्या तेलासाठी वर्षभराचे पैसे आगाऊ भरावेत, म्हणजे दरवाढ लागणार नाही. उरेल ते सगळं सुताराच्या नातीला, जी अजून पाळण्यात आहे. तिचा माझा रक्ताचा संबंध नाही. कारण कलम पाचात आहे.

कलम तीन. कालवं उघडायची सुरी, जिची मूठ ह्यांनी स्वतः घडवली, ती मुलीला. मुली, तू उभी राहून, घाईघाईत, कुणाच्या तरी हातचं खातेस. म्हणून सुरीबरोबर हेही ठेवते.

आधी शिंपला ताठ ब्रशने, खाऱ्या पाण्यात घासायचा. नळाखाली धरून ठेवायचा नाही. गोडं पाणी कालवाला मानवत नाही. उघडं दिसलं तर बोटाने टकटक करायची. मिटलं तर जिवंत. मिटलं नाही तर फेकायचं, कितीही जीव तुटला तरी. मग फडक्याची जाड घडी डाव्या हातात, खोलगट बाजू खाली, चपटी वर, बिजागरीचं टोक आपल्याकडे. सुरीचं टोक बिजागरीत घालून जोर लावायचा नाही, पिळायचं, कुलपात किल्ली फिरवल्यासारखं. टक् असा आवाज येतो. मग पातं वरच्या शिंपल्याला घासून फिरवायचं, मांस सुटतं. आतलं पाणी सांडायचं नाही. ते सांडणाऱ्या माणसाला ह्यांनी दुसरं कालव कधी दिलं नाही, मग तो व्याही असो की फौजदार. वर लिंबाचा एकच थेंब. मीठ घालायचं नाही, ते समुद्राने घातलेलं असतं. कच्चं नको असेल तर निखाऱ्यावर शिंपल्यासकट ठेव. आपसूक तोंड उघडलं की आणखी थोडं राहू दे, मग काढ.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ह्यांनी असं एक माझ्यापुढे धरलं होतं. माझ्या माहेरी असलं काही खात नसत. मी म्हटलं, "अहो, हे जिवंत आहे."

"म्हणून तर देतोय," हे म्हणाले. "मेलेलं देऊन तुझ्या वडिलांना काय तोंड दाखवू?"

मी डोळे मिटून गिळलं. आधी सगळं तोंड खारट झालं, आणि मग मागून हळूच गोडी आली. मी डोळे उघडले तर हे दुसरं उघडत बसले होते. त्या दिवशी आम्ही जेवलोच नाही, टोपलीच संपवली. सासूबाई म्हणाल्या, "विकायला काही ठेवलंत का, की दोघं मिळून धंदाच खाल्लात?"

कलम चार. जस्ताचं मोठं घमेलं, ज्यात आम्ही पाहुण्यांसाठी बर्फावर कालवं मांडत असू, ते नणंदबाईंनी चार दिवसांसाठी म्हणून नेलं, ते हे गेले तरी आलं नाही. त्यात त्यांनी कोरफड लावली आहे. ते त्यांच्याकडेच राहू द्यावं. माझ्या अंत्यविधीला घमेल्याचा विषय कुणी काढू नये. त्या स्वतःच काढतील आणि रडतील.

कलम पाच. खाडीच्या तोंडाशी असलेला कालवांचा पट्टा, म्हणजे कालवं वाढवायची पाण्यातली जागा, आणि त्याचा परवाना. ह्यांच्यामागे परवाना माझ्या नावावर झाला आणि काम मुलाच्या हाती आलं. हे कलम मला नीट लिहायचं आहे, म्हणून मध्ये उठून तोंड धुऊन आले.

आमच्या पट्ट्यावरचं पाणी स्वच्छ आहे. भरती-ओहोटी ते रोज धुऊन काढते, आणि तिथे वस्ती नाही. पण दोन वर्षांपासून मुलगा पट्ट्यावरून काढलेली कालवं थेट बाजारात नेत नाही. टोपल्या रात्रभर जुन्या धक्क्याखाली बुडवून ठेवतो. गावाचा नाला तिथेच खाडीला मिळतो. तिथलं पाणी तितकं खारं नाही, आणि कमी खारं पाणी मिळालं की कालव ते पिऊन फुगतं, पांढरं होतं, शिंपला काठोकाठ भरतो. गिऱ्हाइकाला वाटतं, काय छान पोसलंय! त्या पाण्याबरोबर नाल्यातलं आणखी काय काय आत जातं, ते मी इथे लिहीत नाही. आम्ही जेवायला बसतो त्या टेबलावर हे लिहिते आहे.

मी त्याला म्हटलं होतं, "अरे, गावाचे संडास तिथे उतरतात."

"आई, सगळेच फुगवतात. गिऱ्हाइकाला भरलेलं दिसायला हवं. बाबांसारखं करत बसलो तर होडीचे हप्ते तू भरणार?"

आरोग्य खात्याचा माणूस येतो आणि पाण्याची बाटली भरून नेतो, ती पट्ट्यावरून. ते पाणी दर खेपेला चांगलंच निघतं. मी त्याच्या कचेरीत गेले आणि म्हटलं, एकदा धक्क्याखाली बाटली बुडवा. त्याने फाईल काढली, परवान्यावरचं नाव वाचलं आणि हसला. म्हणाला, "आजी, ही तक्रार तुमच्याचविरुद्ध होते की! घरी जाऊन मुलाशी बोला."

गेल्या महिन्यात सुताराच्या घरात ताप शिरला. आधी तो स्वतः पडला, मग त्याचा मुलगा, मग सून. दोघे उठले. सून उठली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाण्याचा असेल, दुधाचाही असू शकेल. मी भेटायला गेले तेव्हा तान्ही पोर आजोबाच्या खांद्यावर होती. मी विचारलं, "मधे आमच्याकडून कालवं नेली होतीत, ती कशी लागली?"

"छान होती हो, काकू. यंदा अजिबात खारट नव्हती. आमच्या सूनबाईने तर दोनदा मागून घेतली," सुतार म्हणाला.

मी घरी आले आणि चूल पेटवायला बसले, ती तशीच बसून राहिले.

आता मृत्युपत्राचं कारण. आमच्या घरात सासूबाईंच्या आधीपासून एक रीत आहे. घरातल्या कुणीतरी टोपलीतलं पहिलं कालव या टेबलावर कच्चं खाल्ल्याशिवाय टोपली उंबऱ्याबाहेर जात नाही. ह्यांनी ती जन्मभर पाळली. मुलगाही पाळत असे. दोन वर्षांपासून तो पाळत नाही. त्याच्या मुलांनाही देत नाही. "त्यांना सवय नको," म्हणतो. गेल्या रविवारी टोपल्या निघायच्या आधी मी सुरी घेऊन टेबलाशी बसले.

"पहिलं कोण खाणार?"

"तू खा की."

"तू खा. टोपल्या तुझ्या."

"माझं पोट बरं नाही."

"मागच्या खेपेलाही नव्हतं."

"आई, सकाळी सकाळी उकरून काढू नकोस हं."

सूनबाईने मुलांना पुढच्या खोलीत नेलं. मी एक कालव काढलं. टकटक केली, ते मिटलं. उघडलं तर वास ताजा, पांढरं, टचटचीत भरलेलं. कुठल्याही परीक्षेत पहिलं आलं असतं. मी ते ओठापर्यंत नेलं आणि थांबून देवाचं नाव घेतलं. सगळी प्रार्थना म्हटली, मधलं कडवंसुद्धा गाळलं नाही. त्याला हात पुढे करायला तेवढा वेळ पुष्कळ होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं आणि दुसऱ्या टोपलीची दोरी बांधायला घेतली.

मी खाल्लं. खारट नव्हतं.

"झालं ना?" तो म्हणाला. "मग निघू मी?"

टोपल्या गेल्या. कुणाच्या घरी गेल्या ते तो सांगत नाही. आज सकाळी दारात ठेवलेली टोपली समजूत घालायला होती. ती मी मागच्या अंगणात खोल खड्डा करून पुरली.

म्हणून पट्टा मुलाला नाही. पट्टा मुलीला. तिला तो चालवायचा नसेल तर पडून राहू द्यावा; कालवांना आपली गरज नाही. मुलाला मी हे टेबल देते. त्याने त्यावर रोज जेवावं, ही एवढीच अट.

कलम सहा. आज मला ताप नाही. सकाळी थर्मामीटर लावून पाहिला. डोकं जड आहे, पण ते लिहिण्यानेही असेल. डॉक्टरीणबाई म्हणतात, असला ताप सावकाश चढतो, वाट बघायला लावतो. चढलाच तर सूनबाईने मुलांना घेऊन तिच्या आईकडे जावं, माझ्या खोलीत येऊ नये. माझं ताट आणि पेला वेगळा ठेवावा. चादरी जाळू नयेत. उकळून घेतल्या की पुष्कळ वर्षं जातील. डॉक्टरीणबाईंना मी काय खाल्लं ते सांगावं. दुधावर ढकलू नये. दूधवालीला चार लेकरं आहेत.

साक्षीदार. पहिली साक्षीदार समोरची शिंपीणबाई. तिचा माझ्या आरशावर कधीचा डोळा आहे. साक्षीदाराच्या नावे मृत्युपत्रात काही ठेवता येत नाही, असं वकीलसाहेबांनी कळवलं होतं, ते तिला सांगितलं तर म्हणाली, "मग सही दुसऱ्या कुणाची घे ना, बाई!" शेवटी आरसा तिला आजच हातात दिला. काखेत मारून घेऊन गेली, आणि सही करायला परत आली तेव्हा मात्र तिला माझ्याकडे बघवेना.

दुसरा साक्षीदार सुतार. त्याला मी कलम पाच वाचून दाखवलं. त्याच्यापासून ते लपवून त्याची सही घेणं मला जमलं नसतं. तो टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत बसला. म्हणाला, "हे टेबल माझ्या बापाने केलेलं." मग म्हणाला, "कुठे सही करू?"

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोघांना वाचून दाखवला, आणि दोघांनी माझ्यादेखत व मी त्यांच्यादेखत सह्या केल्या.

सही: कालवंवाल्याची विधवा
साक्षीदार: शिंपीणबाई, समोरचं घर
साक्षीदार: सुतार, प्रार्थनाघरामागे
ठिकाण: राहतं घर, स्वयंपाकघर
दिनांक: चालू महिन्याची अकरा, गुरुवार

वकीलसाहेबांस वेगळं. सा. न. वि. वि. सह्या झाल्या आणि मग लक्षात आलं की हा कागद मी गेल्यावर बोलेल, आणि तोवर थांबता येणार नाही. येत्या रविवारी गावातल्या कारखान्याचं वार्षिक जेवण आहे. कामगार बायकामुलांसकट बसतात. कालवं आमच्याकडून जाणार, कच्चीच मांडायची आहेत. मी व्यवस्थापकांना जाऊन भेटले. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "तुमच्या मुलाने सांगितलंय आम्हाला, आजी. तुम्ही आराम करा." शनिवारी संध्याकाळी टोपल्या धक्क्याखाली जातील. परवान्याशिवाय मात्र कारखाना एकही टोपली आत घेत नाही, हे त्यांच्या फाटकावर लिहिलेलं मी स्वतः वाचलं.

तो माझा मुलगा आहे. परवाना गेला की होडी जाईल, आणि तो मला पुन्हा आई म्हणणार नाही, हे सगळं धरून विचारते आहे. उत्तर घरच्या पत्त्यावर धाडू नये, घरचं टपाल तो उघडतो. शिंपीणबाईंच्या नावे धाडावं. परवाना सरकारात परत करायला माझी एकटीची सही पुरते, की त्याचीही लागते, ते कृपा करून परतीच्या टपालाने कळवा. नुसतं "पुरते" एवढं लिहिलंत तरी चालेल. सही मी करून ठेवली आहे.