एकशेविसावा चौकोन

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. तीन पानं, त्यातली अडीच त्या एकशेविसाव्या मूलद्रव्यावर. ते चंदेरी असेल, सहाशे ऐंशी अंशांना वितळेल, पाण्यात टाकलं की फसफसेल, सगळं तुम्हा शास्त्रज्ञांना ठाऊक. फक्त ते अजून कुणी पाहिलेलं नाही, आणि तयार झालंच तर डोळ्याचं पातं लवायच्या आत संपेल. घरी कधी येणार, तेवढं मात्र सांगता येत नाही. अकरा वर्षं ऐकतेय, कान किटले माझे.

बाबा निवृत्त झाले, त्यांच्यातला रसायनशास्त्राचा मास्तर काही होत नाही. जेवणघराच्या भिंतीवर त्यांनी रंगवलेला मूलद्रव्यांचा तक्ता आठवतो ना? परवा रंगारी आला, तर बाबा त्या भिंतीला पाठ लावून उभे. खाली एकशेविसाव्यासाठी रिकामा चौकोन आखून ठेवलाय, तो पुसायचा नाही. मग त्या बिचाऱ्याला अर्धा तास गुणधर्म सांगितले, तुझ्या पत्रांतले, शब्दन्‌शब्द. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, हे ओल आलेल्या भिंतीला चालेल का. तीन भिंती नव्या, एक जुनी, असं आमचं जेवणघर आहे सध्या.

मला हसू आलं नाही. त्याच सकाळी ते गॅस चालू ठेवून फिरायला गेले होते. किल्ली शेजारणीकडे ठेवून मी ऑफिसात जाते आणि दिवसभर जीव टांगणीला. फोनवर तुला दरवेळी म्हणत आले, बाबा ठीक आहेत. ते खोटं होतं. तुझं काम अडू नये म्हणून बोलले, आणि आता त्याचाच राग येतो. तुझाही येतो.

काल त्यांना मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी विचारलं, मुलं किती. बाबा वर्गात सांगावं तसं सावकाश म्हणाले, एक मुलगी आहे, ही काय बसलीय. एक मुलगाही असावा असा अंदाज आहे, पण अजून कुणाला दिसलेला नाही. बाई हसल्या, त्यांना विनोद वाटला. मी जिन्यात येऊन रडले. तेव्हा ते मूलद्रव्य घडवायचं तुमचं यंत्र चालू असो की बंद, या रविवारी ये. एक दुपार आलास तरी चालेल. त्यांच्यासमोर बस, त्यांना दिस.

तुझीच,
ताई