लाकडी चमचा

प्रिय धाकट्या,

फोनवर तू रोज विचारतोस आणि मी "बरे आहेत" म्हणून वेळ मारून नेते. बाबा शेजारीच असतात ना. म्हणून आज लिहायला बसले.

केमो सुरू झाल्यापासून त्यांची अन्नावरची वासनाच उडाली होती. ताट दिसलं की मान फिरवायचे. मी आधी आग्रह करायची, मग विनवण्या, मग रडारड. मग माझ्यासाठी म्हणून दोन घास कसेबसे गिळायचे. एकदा चादर बदलताना उशीखाली रुमालात बांधलेले पावाचे तुकडे सापडले. जन्मभर लोकांची दारं-खिडक्या बसवलेला आपला बाप चोरी पकडल्यासारखा बघत होता. हसावं की रडावं कळेना.

हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ बाई बाबांसमोरच मला म्हणाल्या, "अहो, हा हट्ट नाही, आजाराचाच भाग आहे. ताटाऐवजी बशीत द्या. वास सोसत नसेल तर गार करून द्या. आणि पोलिसासारख्या समोर उभ्या राहू नका." बाबांना तेवढ्यानं धीर आला. म्हणाले, "बाई, चमचा तोंडात घातला की खिळा चावल्यासारखं वाटतं हो." बाईंनी लाकडी चमचा सुचवला. मी वाटेतल्या दुकानापाशी थांबले, तर बाबा भडकलेच. "सुताराच्या घरात विकतचा चमचा?"

घरी येताच त्यांनी हत्यारांची पेटी मागितली. दर थोड्या वेळानं टेकून बसत होते. पण लाकडाचा तुकडा काही खाली ठेवला नाही. मी शेजारी मटार सोलत बसले. चमचा होत आला तोच त्यांचे जुने भागीदार, आपले मिस्त्रीकाका, टपकले. चमचा उलटासुलटा करून म्हणाले, "हा चमचा आहे की वल्हं?" झालं! बाबांनी फर्मान सोडलं, "पोरी, दही आण गं. दाखवतोच याला!" आणि काकांच्या नाकावर टिच्चून अर्धी वाटी दही संपवलं. मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. डोळे आवरेनात.

रोजच असं होत नाही. काही दिवस नुसते पाण्याच्या घोटांवर जातात. पण वजन घटायचं थांबलंय, आणि पुढचा डोस वेळेवर देता येईल असं डॉक्टर म्हणालेत.

आता मुद्द्याचं. तुझा पहिला प्रश्न असतो, "बाबा, काय खाल्लं?" त्यामुळे हल्ली फोन वाजला की ते झोपेचं सोंग घेतात. काल आपणहून म्हणाले, "त्याला सांग, चौकशा पुरे. इथे येऊन माझ्यासमोर बसून जेव म्हणावं. भरल्या घरात कुणीतरी पोटभर जेवताना बघायचंय मला." तेव्हा रजा टाक आणि ये. येताना औषधं नकोत, पुस्तकातले सल्ले नकोत. सडकून भूक तेवढी घेऊन ये.

तुझ्या वाटणीचा भात जास्त टाकणारी,
तुझीच ताई