मधलं दिसत नाही

किकवी, ता. २ जानेवारी १९३८

काल तिसऱ्या प्रहरी येऊन पोचलो. मोटार वेळेवर मिळाली आणि टपावरची ट्रंक पडली नाही, एवढ्यावरच मी खूश. बार्शीच्या कापसाच्या जिनात सहा वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काढली. इथं मी ड्रायव्हर, इंजिन माझं एकट्याचं. भाताची गिरणी सडकेला लागूनच आहे. मालक मानसिंगराव यांनी आधी जेवायला बसवलं, मग इंजिन दाखवलं. हा क्रम मला आवडला.

इंजिन थंड असताना कुरकुरतं, पण एकदा लागलं की ठोका असा पक्का की त्यावर भजन म्हणावं. त्याच्यावरून रुंद चामडी पट्टा पलीकडच्या लांब लोखंडी शाफ्टला जातो, आणि शाफ्टवर भात सडायचं यंत्र चालतं. पासली-वेल्ह्याकडून भाताच्या गाड्या येतात. सदऱ्याला आंबेमोहोराचा वास लागला आहे. कोंडा झाडायला साळूबाई नावाची बाई आहे. तिचा नवरा गेनबा संध्याकाळी तिला न्यायला येतो आणि समोरच्या बाभळीखाली गप्प बसून राहतो. मूलबाळ नाही. बायकोला, कुंदाला, आजच पत्र टाकलं: गिरणीच्या आवारातली खोली मोठी आहे, होळीपर्यंत ये.

ता. २१ जानेवारी

बऱ्याच दिवसांनी लिहितो. दहा तारखेला पट्टा तुटला. त्याचं टोक चाबकासारखं माझ्या उजव्या कानामागे बसलं, आणि पडताना डोक्याची डावी बाजू दगडी जोत्यावर आपटली. आठ दिवस शुद्ध येत-जात होती. साळूबाईनं पेज भरवली, जखम धुतली. मी संकोचलो तर म्हणाली, "तुमी मला धाकल्या भावावानी. लाजायचं न्हाई."

आता जखम भरली आहे. पण एक चमत्कारिक गोष्ट घडते. अंगणातली कोंबडी दारात असते, मग एकदम दाण्यापाशी असते. चालत जाताना दिसत नाही. साळूबाई बोलते तेव्हा तोंड मिटलेलं दिसतं आणि आवाज चालू असतो. सडकेवर गाडी वडापाशी होती म्हणून पलीकडे निघालो, तर बैलाची शिंगं छातीशी! गाडीवानानं आईवरून शिव्या दिल्या.

ता. २४ जानेवारी

भोरला डॉक्टरांना दाखवून आलो. बारीक अक्षरं मी घडाघडा वाचली. मग त्यांनी बोट हलवलं. मला बोट डावीकडे दिसलं, मग उजवीकडे. मधलं काहीच नाही. त्यांनी बोट पुन्हा एकदा हलवून बघितलं. नंतर समजावून सांगितलं, की डोळे नुसती चित्रं घेतात, ती सांधून त्यांची हालचाल करणारी जागा डोक्यात मागे असते. माझ्या दोन्ही बाजूंना मार बसल्यामुळे चित्रं सुटी झाली आहेत. औषध नाही. यंत्रापाशी उभं राहू नका म्हणाले, आणि तसं चिठ्ठीवर लिहून दिलं.

चिठ्ठी वाटेत फाडून नीरा नदीत टाकली. मानसिंगरावांना सांगितलं, डोळे ठणठणीत आहेत. इंजिनाचा ठोका तर कानांनी कळतो. आणि हे काम गेलं तर पुन्हा बार्शी, पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली.

ता. २९ जानेवारी

पाच दिवस निभावलं. इंजिनाच्या फिरत्या चक्राचे आरे मोजता येतात इतकं ते स्थिर दिसतं. काल हात त्यावर टेकणार होतो. वाऱ्याचा झोत लागला म्हणून वाचलो.

ता. ३ फेब्रुवारी

साळूबाई गेली.

सकाळी यंत्र भरात होतं. ती कोंड्याच्या ढिगाशी बसलेली मला दिसत होती, हातात केरसुणी. मी तिच्याकडेच बघत होतो. चित्र तेच राहिलं. प्रत्यक्षात ती उठून शाफ्टखाली झाडायला गेली असणार.

मग दिसलं ते हे: तिचा पदर शाफ्टला ताठ लागलेला, आणि ती मान वळवून माझ्याकडे बघते आहे. ओरडणं ऐकू आलं. पट्टा सरकवून शाफ्ट थांबवायच्या दांड्याकडे मी हात टाकला, पण माझाच हात मला जाताना दिसेना. कुठं पोचला ते कळेना. दोनदा हवाच धरली.

पुढचं चित्र: शाफ्टवर हात. खांद्यापासून. बांगड्यांसकट. ती खाली. तांदळाच्या राशीवर इथून तिथवर लाल.

दांडा सापडला तेव्हा ओरडणं थांबलेलं होतं.

ता. ४ फेब्रुवारी

फौजदारांनी विचारलं. मी सांगितलं, माझी तिच्याकडे पाठ होती, तिची ती वाकली. मानसिंगरावांनी मान डोलावली. गेनबा तेवढा म्हणाला, "डायवरसायेब, तुमी तर समूरच हुता की. दिसलं न्हाई व्हय?"



ता. ८ फेब्रुवारी

गिरणी बंद आहे. गेनबा रोज बाभळीखाली येऊन बसतो. आता कोणाला न्यायला येतो? मानसिंगराव म्हणतात, सवय आहे, बसू दे. कमरेला कोयता असतो. शेतकऱ्याच्या असतोच, म्हणतात ते.

ता. ११ फेब्रुवारी

आज बाभळीखाली नव्हता. कुंपणाशी होता. येताना दिसला नाही. पुन्हा बघितलं तर पायरीशी. मी दार लावलं. बाहेर त्याचा श्वास ऐकू येत होता. मग नव्हता.

त्याला कळलं आहे. मी समोर होतो हे—

ता. १३ फेब्रुवारी

झोपलो नाही. पापणी मिटली की तेवढ्यात तो किती पुढं येईल? उघडी ठेवली तरी तेच. मोठा पाना उशाशी घेतला आहे. कुंदाचं पत्र आलं. फोडलं नाही.

ता. १४ फेब्रुवारी, सकाळ

हे लिहून ठेवलंच पाहिजे.

बाभळीखाली गेनबा. फाटकात गेनबा. दारात गेनबा, माझ्यापासून हातभर. तोंड मिटलेलं. आवाज चालू. शब्द कानात शिरत होते, मी ते घेत नव्हतो. त्याचा उजवा हात वर होता.

पाना माझ्या हातात.

पाना त्याच्या कपाळात.

मधलं नाही. मी मारलेलं मी पाहिलं नाही. तो खाली. पुन्हा पाना वर. त्याचा एक डोळा जागेवर नाही. पुन्हा. किती वेळा ते दंडाला माहीत, मला नाही. आवाज येत होता, ओल्या पोत्यावर धोपटल्यासारखा.

त्याच्या हातात कोयता नव्हता. हात रामराम करायला—

आता शब्द येतात. उशिरा येतात. "सायेब, उद्या तिचं तेरावं. तिनं तुमाला भाऊ मानलं हुतं. जेवाया या."

जेवाया या, म्हणाला.

नंतर

दार लागत नाही. गेनबाचे पाय उंबऱ्यावर आहेत. ओढतो, हलतात की नाही ते दिसत नाही. भिंतीवर रक्ताचा ओघळ आहे, तो उतरत नाही, नुसता खाली-खाली असतो.

कोणी तरी किंचाळलं. बाई.

सडकेवर माणसं. दहा-बारा. उभी.

वर बघितलं. फाटकाशी. काठ्या. मानसिंगराव पुढं, तोंड मिटलेलं, माझं नाव घेऊन हाका मारतात.

डॉक्टरांची चिठ्ठी मी— त्यांना सांगितलं पाहिजे की मी बघत होतो, साळूबाईकडे मी बघतच—

वर बघितलं. अंगण रिकामं. कोणी नाही. गेले?

पावलं वाजतात. अंगण रिकामंच. पावलं इथंच, उंबऱ्याशी. कोणाचा तरी श्वास. वर बघवत ना—

बघितलं. अंगण रिकामं. मग कागदावर ही सावली को