इडलीपात्रातला दवाखाना

बाबा,

परवा आत्याकडे गेले होते. तिचे यजमान आता म्हातारे झालेत, पण घरात चार माणसं जमली की त्यांची एकच गोष्ट ठरलेली: "आमची सोयरीक एका पाखरानं जुळवली." लोक हसतात, आणि मला ऊर्जानगरचं आपलं क्वार्टर दिसायला लागतं. म्हणून आज लिहायला बसले.

शेजारच्या तेलुगू काकूंनी बदली होऊन जाताना आईला इडलीपात्र दिलं होतं. आईने दोनदा इडल्या केल्या, दोन्ही वेळा त्या विटांसारख्या झाल्या, आणि मग तुम्ही ते पात्रच जखमी किड्या-पाखरांच्या दवाखान्यासाठी पळवलंत. प्रत्येक वाटीत सावरीचा कापूस घातला की झाली खाट! वरच्या मजल्यावर पंख फाटलेले, मधल्यावर पाय मोडलेले, खाली नुसतीच भोवळ आलेले. औषध म्हणजे काडीच्या टोकावर साखरेचं पाणी. मोडक्या पायाला झाडूच्या काडीची कांबी, फाटक्या पंखाला लसणाच्या पापुद्र्याचं ठिगळ, डिंकाने चिकटवलेलं. पॉवर हाऊसमध्ये दिवसभर लोखंडाशी झटणारे तुमचे जाड हात भुंग्याचा पाय सरळ करायचे, तेव्हा तुमची जीभ आपोआप बाहेर यायची. आई म्हणायची, "मले ताप आला तं गोळी देऊन ड्युटीले गेले, अन् ढेकणाची एवढी सेवा!" ढेकूण तुम्ही कधीच दाखल करून घेतला नाही. ती आईने उठवलेली वावडी होती.

कामावरची एक शिस्त मात्र तुम्ही या दवाखान्यातही आणलीत. यंत्रावर माणूस काम करत असला की त्याच्या स्विचवर लाल टॅग लटकवायचा, आणि ज्याने लावला त्यानेच तो काढायचा. वाऱ्याने ठिगळ हलू नये म्हणून डिंक वाळेपर्यंत आपल्या पंख्याच्या बटणावरही तसाच टॅग लोंबायचा. एकदा उकाड्याने जीव जायची वेळ आली म्हणून मी तो काढला, तर तुम्ही माझ्यावर केवढे ओरडलात! "ज्यानं लावला, त्यानंच काढाचा! तिकडं माणूस मशीनच्या पोटात असते, समजलं?" मी हमसून रडले. संध्याकाळी तुम्ही गुपचूप आलुबोंडे आणलेत.

आणि मग तो मे महिन्यातला दिवस. आत्याला पाहायला गोंडपिपरीकडचे पाहुणे संध्याकाळी येणार होते. मुलगा लाइनमन. आत्याने त्याला एका लग्नात पाहिलेलं होतं आणि तो तिच्या मनात भरला होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळी पंख्याचं पातं लागून रेशमाच्या कोशातून निघणारा एक मोठा पतंग खाली पडला. तुम्ही त्याला ठिगळ लावलंत, पात्र टीपॉयवर ठेवलंत, टॅग लटकवलात आणि पहिल्या पाळीला निघून गेलात. दुपारपर्यंत परत येऊन टॅग काढायचा, असा तुमचा हिशोब. पाहुणे मात्र भर बाराला दारात उभे!

चंद्रपूरचा मे, पत्र्यासारखी तापलेली भिंत, आणि डोक्यावर पंखा गप्प. मुलाचे वडील धोतराच्या सोग्याने वारा घेताहेत. मुलाची आई विचारते, "पंखा बिघडला का बाई?" आपली आई पदर चावते. शेवटी मीच सांगून टाकते, "नाई, पेशंट हाये." स्वयंपाकघराच्या दारामागे आत्याच्या तोंडावरची पावडर ओघळतेय. ती माझ्या कानात पुटपुटते, "मोडते आता माह्यं लग्न. येऊ दे भाऊले घरी!" मुलाचे वडील चिडून उठतात, बटणाकडे हात नेतात. आणि मुलगा त्यांचा हात धरतो. "बाबा, टॅग हाये. ज्यानं लावला त्याले येऊ द्या." मग तो स्वतः टीपॉयजवळ उकिडवा बसतो, लसणाचं ठिगळ बघतो आणि नाकावरचा घाम पतंगावर पडू नये म्हणून मान तिरपी करतो. आत्याने माझा दंड एवढ्या जोरात दाबला, की मी ओरडलेच.

तुम्ही सायकल टाकून आत आलात, जयभीम केलात आणि पाहुण्यांआधी पेशंटकडे वाकलात! डिंक वाळला होता. टॅग निघाला, पंखा फिरला, आणि मुलाच्या वडिलांनी डोळे मिटून म्हटलं, "आमच्याकडून पक्कं." सगळे सुटल्यासारखे हसले. तुम्ही मात्र म्हणालात, "थांबा. पोरीले इचारतो." भरल्या बैठकीत, सगळ्यांदेखत. आत्या दारात आली, लाजली बिजली काही नाही. म्हणाली, "जो माणूस पाखरापायी घामात बसते, त्याच्या घरी मले काऊन तरास होईन?" संध्याकाळी मागच्या झाडावरून तो पतंग एका अंगाने कलत, दारू प्यायल्यासारखा, पण उडाला. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

हा कागद पाठवायला पत्ता नाही, हे मला कळतं. पण एक सांगायचं राहिलं होतं. तुम्ही गेल्यावर मलाही पाहायला तुमचे जावई आले. आईने विचारलं तेव्हा मी लगेच होकार दिला, आणि सगळ्यांना वाटलं मला त्यांची नोकरी आवडली. खरं म्हणजे पोह्यांच्या बशीवर एक मुंगी चढली होती. त्यांनी बोलता बोलता बोट आडवं धरलं, तिला त्यावर चढू दिलं आणि बोट खिडकीच्या गजाला टेकवलं. नोकरीचं नाव तर मी नीट ऐकलंसुद्धा नव्हतं, बाबा. हे अजून त्यांनाही ठाऊक नाही.