केळीच्या साली आणि हिरवं पाणी

तीर्थरूप दादा,

आधी पायांवर डोकं ठेवतो, मग विचारतो: गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे सगळे खुशाल, मी सोडून.

आमच्या कारखान्यात नळांना निकेलचा मुलामा देतात आणि त्याचं सांडपाणी सांभाळणं माझ्याकडे, हे तुम्ही जाणताच. निकेलमुळे हिरवं झालेलं ते पाणी मागच्या तपासणीत नापास झालं. सोमवारी फेरतपासणी. पुन्हा नापास, तर कारखान्याला टाळं. आणि या वयात मला दारात कोण उभं करणार? औषधं महाग, म्हणून प्रयोगशाळेतल्या बाईंनी स्वस्तातला उपाय सांगितला. केळीच्या साली वाळवायच्या, दळायच्या, भुकटी कापडी पिशव्यांत भरून टाकीत सोडायची. निकेल सालीला चिकटतं म्हणे. मला वाटलं, बाई चेष्टा करतायत. पण चिकटलं की! पाणी निवळलं आणि मी मनोमन हात जोडले. (सालींपायी घरात तिन्हीत्रिकाळ केळी. "आता मला शेपूट फुटायचं तेवढं राहिलंय," इति आमची मंडळी.)

पण माझी खोड तुम्हाला ठाऊक. वापरलेली वस्तू खळबळून ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. आमच्याकडे नळ ॲसिडच्या पाण्यात धुतात, म्हणून पिशव्याही त्यातच धुतल्या आणि ते पाणी टाकीत ओतलं. टाकी पुन्हा हिरवीगार! बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो काका, ॲसिडनं निकेल सुटतं! साल पुन्हा वापरता येते, हे उत्तमच. पण ते पाणी वेगळं ठेवायचं ना!" मान वर करावी की खाली घालावी, मला कळेना. (अजून कळलेलं नाही.) पाण्यातलं सालीत, सालीतलं पाण्यात, मग धुतलेला मळ जातो तरी कुठे? पूजेला बसलो तरी हेच डोक्यात. माझी धुतलेली पापंही देवानं कुठे पिंपात भरून ठेवली असतील का?

असो. सगळं पुन्हा सालींतून गाळलं, पिशव्या या वेळी वेगळ्या धुतल्या. तपासणीचं स्वच्छ पाणी एका निळ्या पिंपात, हिरवं दुसऱ्या निळ्या पिंपात. वहिनींना नमस्कार.

तुमचा धाकटा

ता. क. खरं काम राहिलंच. हिरवं पाणी नेणारी गाडी महिन्यानं येणार, कारखान्यात जागा नाही, आणि मंडळी म्हणते, "घरात एक ते पिंप राहील, नाहीतर मी." म्हणून सकाळीच टेम्पोनं तुमच्याकडे धाडलं आहे. ओसरीत असू द्या. झाकण उघडू नका.

ता. क. २. आत्ता पाहतो तर हिरवं इथेच आहे. तुमच्याकडे गेलंय ते तपासणीचं. पत्र आणणाऱ्याबरोबर लगेच परत पाठवा. वहिनींनी त्यात चादरी भिजवल्या असतील, तर तसं स्पष्ट कळवा. म्हणजे सोमवारी कामावर जायचं, की तुमच्याकडे राहायला यायचं, ते ठरवतो.