कमळाच्या पत्राला दहापैकी सहा

मोहर्ली. २ नोव्हेंबर १९५४, मंगळवार. संध्याकाळ.
प्रौढ वर्ग आजपासून सुरू. हजेरी तीन: चैतू, कोलू, सोनीबाई. तिघांनाही अक्षरं जुळवून वाचता येतात, ती गेल्या वर्षीची माझीच मेहनत. चैतूनं विहिरीच्या स्वच्छतेचा धडा घडाघडा वाचला. काय समजलं विचारलं तर म्हणतो, मले का मालूम गुरुजी, मी त वाचून राह्यलो होतो.
देशाचा खरा प्रॉब्लेम हाच. लोक वाचतात, समजत कुणालाच नाही. उपाय माझ्याजवळ आहे. मजकूर तीनदा वाचायचा, अनावश्यक भाग पेन्सिलीनं खोडायचा, उरलेल्याचा मुख्य विचार एका वाक्यात लिहायचा. नाव, माझ्याच नावावरून: गुणवंत पद्धत. महिनाअखेर पॅम्फ्लेट तयार करून नागपूरला शिक्षण खात्याकडे पाठवणार. कमळा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, नागभीडला आहे. त्यामुळे विचाराला शांतता भरपूर. भात दोनदा करपला.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार.
कमळाचं पत्र. जोडकार्ड आहे, उत्तराचं कोरं कार्ड सोबत जोडलेलं. अक्षर वाकडंतिकडं, पडल्यापडल्या लिहिलेलं दिसतं. सवय बरी नाही.
मजकूर असा: "रविवारी मुलगी झाली. दोन दिवस फार त्रास झाला, आता बरं आहे. बारसं १८ तारखेला, गुरुवारी. पोरीचं कपाळ तुमच्यासारखं आहे. आई सारखी दाराकडे पाहते. नाव तुम्ही आल्यावर ठरवू."
लगेच पद्धत लावली. त्रास झाला, पण आता बरं आहे, म्हणजे दोन्ही वाक्यं एकमेकांना कापतात, खोडली. कपाळ हे वर्णन, खोडलं. सासूबाई दाराकडे पाहतात ही तिसऱ्याच व्यक्तीची हालचाल, खोडली. बारसं, नाव हे कार्यक्रमाचे तपशील, खोडले. मुख्य विचार: मुलगी झाली, सर्व ठीक.
आनंद झाला. फार झाला. पोस्टमन पुढच्या गावी निघायच्या आत उत्तराचं कार्ड लिहून दिलं. अभिनंदन, प्रकृतीस जपावे, आणि खाली लाल शाईनं: चार विषय एकत्र आले आहेत, मुद्दा स्पष्ट नाही, ६/१०. तिला लिहिण्याची आवड आहे, उत्तेजन द्यायला हवं.

१८ नोव्हेंबर, गुरुवार.
आज काहीतरी आहे असं सकाळपासून वाटत होतं. आठवलं दुपारी. पण धानकापणीत गाडी कोण देणार? आणि वर्ग नुकता रंगात आलाय. शिवाय 'या' असा शब्द पत्रात कुठेच नाही, मी तपासलं.
सोनीबाईनं विचारलं, लेकरू पाहाले कवा जाता? म्हटलं, बोलावणं नाही. ती म्हणाली, आमच्यात त बाई तोंडानं बोलावत नाई गुरुजी, आणाले जाव लागते. मी म्हटलं, आपण लेखी मजकुरापुरतं बोलू. पॅम्फ्लेटचं मुखपृष्ठ तयार. आत अजून काही नाही.

२६ नोव्हेंबर, शुक्रवार.
दुसरं पत्र. "बारसं झालं. लोकांनी विचारलं, मी काही सांगितलं नाही. पोरीला चार दिवस ताप आहे. तुमचं काम मोठं आहे. तुम्ही तुमचं पाहा."
किती सुधारणा! एकही फापटवाक्य नाही. मुख्य विचार तर तिनंच शेवटी आणून ठेवलाय: कमळाला माझ्या कामाचं महत्त्व पटलं. ९/१०. ताप लहान मुलांना येतोच, पेन्सिल फिरवली. हा उतारा नाव न सांगता वर्गात घेणार. पॅम्फ्लेटमध्येही जाईल.

३० नोव्हेंबर, मंगळवार.
उतारा फळ्यावर लिहिला. तिघांनी तीनदा वाचला. पेन्सिल कुणीच उचलली नाही.
सोनीबाई म्हणाली, बाई गुस्स्यात आहे. मी समजावलं, राग हा शब्द उताऱ्यात नाही. दोन गुण दिले. ती म्हणाली, नसन, पण पोरीले ताप आहे अन् बाप येऊन नाई राह्यला. कोलूनं विचारलं, हा माणूस रायते कुठी? त्याले कोणी सांगत काऊन नाई? मी म्हटलं, उताऱ्यात ती माहिती दिलेली नाही. चैतूनं, ज्याला विहिरीचा धडा कळला नव्हता त्या चैतूनं, विचारलं, पोरगी जिती आहे ना गुरुजी?
सोनीबाईनं उठून स्वतःच फळा पुसला. मी तिला सांगितलं नव्हतं.

१ डिसेंबर, बुधवार. पहाट.
दोन्ही पत्रं काढली. खोडलेल्या ओळींवरून रबर फिरवलं. कागद एका ठिकाणी फाटला. दोन दिवस फार त्रास झाला. आई सारखी दाराकडे पाहते. नाव तुम्ही आल्यावर.
सहा दिले मी तिला.
आज निघतो. रजेचा अर्ज लिहून ठेवला. गाडी मागायला कोलूकडे गेलो तर बैल जुंपलेले. म्हणाला, काल रातपासूनच सांगून राह्यली होती सोनीबाई, गुरुजी येतीन म्हणून.

३ डिसेंबर, शुक्रवार. नागभीड स्टेशन.
मोहर्लीला परतायचं, चांद्याची गाडी यायला दीड तास आहे.
पोरगी बरी आहे. ताप उतरून पाच दिवस झाले. नाव शेजारच्या नीलाबाईंनी ठेवलं: रंभा. मला विचारलं असतं तर दुसरं सुचवलं असतं, पण चांगलं आहे.
वाटेत सगळं भाषण तयार केलं होतं. चूक कबूल, कारणं तीन, विनंती एक. कमळानं पाणी आणून दिलं. मी म्हटलं, तुम्हा दोघींना न्यायला आलोय. ती म्हणाली, आता नको. मी विचारलं, म्हणजे कापणी झाल्यावर? ती म्हणाली, आता नको म्हणजे आता नको. आवाज चढला नव्हता. सासरे अंगणात गेले.
मग तिनं पोरीला माझ्या हातात दिलं. कपाळ माझंच आहे. रडली नाही. माझ्या सदऱ्याचं बटण तिनं मुठीत धरलं होतं. थोड्या वेळानं कमळानं हात पुढे केले.
मी दिली.