माझ्याच भट्टीची खापरं

भाषणबहाद्दर धाकटे बंधू नीकोन यांस,

"दादा, अंगणात टाकायचीत," असं सांगून फुटक्या मडक्यांची टोपली नेलीस. आज तुझी माणसं चौकात तीच खापरं वाटत होती, आर्खिप्पोसचं नाव आधीच कोरून! उद्या ज्याच्या नावाची खापरं जास्त पडतील, तो अथेन्समधून हद्दपार. अरे, सभेत तुझ्या युद्धाला विरोध करणारा तो एकटाच उरलाय. तू मांडी थोपटून "गद्दार!" ओरडतोस आणि लोक माना डोलावतात.

एका अडाणी कोळ्याने खापर दाखवून विचारलं, "यावर काय लिहिलंय?"

मी नाव वाचलं.

"मला तर म्हणाले, 'धान्य स्वस्त करा' असं लिहिलंय!"

लाज वाटली रे. त्याला दुसऱ्या खापरावर तुझं नाव कोरून दिलं, त्याच्यासमोर वाचून.

हे पत्र पाठवत नाही. उद्या माझ्याही खापरावर तुझंच नाव असेल.

तुझा दादा,
पामफिलोस कुंभार